बोर्डवाले सर

एकदा शिरोळकडचे एक गृहस्थ आमच्या जयसिंगपूरच्या कॉलेजात आले. मुलगा बारावीला होता, पेपर अवघड गेले होते, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथे एक बोर्डवाले सर आहेत, त्यांना बोर्डातलं सगळं कळतं. शिपायाने त्यांना नेऊन फिजिक्सच्या लॅबमध्ये सोडलं. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, स्टाफरूमच्या दारात थांबले आणि मला म्हणाले, "मॅडम, सर माणूस लई चांगला हाय. च्या बी पाजला. पर पोराच्या मार्काचं काय बोल्लेच न्हाईत. बोर्डावर दोन स्लॉट पायजेत का चार, हे मलाच इचारत हुते."

सरांचा बोर्ड म्हणजे मदरबोर्ड. संगणकाच्या डब्यात जी मोठी पाटी असते आणि बाकीचे सगळे भाग जिच्यावर बसतात, ती. शिकवायचे ते फिजिक्स, पण जयसिंगपूरपासून कोल्हापूरपर्यंत लोक त्यांना ओळखायचे ते संगणक जोडून देणारे म्हणून. दुकान नव्हतं, पाटी नव्हती. मजुरीचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे, जेवण मात्र हक्काने मागून घेत, आणि भाकरी चुलीवरची आहे का गॅसवरची हे पहिल्या घासाला ओळखत.

आम्ही दोघंही कोल्हापूरहून एसटीने यायचो. मी मराठी शिकवत असे. बसमध्ये सर खिडकीशी बसायचे आणि बसण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला एकदा हात लावायचे. घराचं फाटक उघडताना, वर्गात शिरताना, कुणाशी हात मिळवण्याआधीसुद्धा ते जवळचं काहीतरी लोखंड शोधत. अंगातली स्थिर वीज लोखंडात सोडायची आणि मगच बोर्डाला हात लावायचा, हा संगणक जोडणाऱ्यांचा नियम. सरांच्या अंगात तो इतका मुरला होता की बोर्ड जवळ नसला तरी ते वीज सोडत हिंडायचे. पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटायचं, सर भाविक आहेत. काही मुलं परीक्षेच्या दिवशी वर्गात येताना सरांसारखाच दाराच्या कडीला हात लावून नमस्कार करायची.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, या सगळ्याला सरावल्या होत्या. त्यांच्या घरी दिवाणखान्यातल्या टेबलावर एक उघडा संगणक कायम पसरलेला असे, आणि सर बारीक ब्रशने त्याची धूळ झाडत बसलेले असत. एकदा मी गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बसा की मॅडम. आमच्यात देव्हारा मी पुसायचा आणि बोर्ड ह्येंनी. देव तरी कधी तरी पावतोय."

माझा संगणक घ्यायचा ठरला तेव्हा मी सरांना एवढंच सांगितलं की चांगला हवा. तिथून पुढे जवळजवळ महिनाभर बसमध्ये माझी चौकशी चालली.

"चांगला म्हंजे? काय करणार त्याच्यावर?"

"सगळंच. थोडं लिहिणं, थोडं वाचणं."

"सगळं म्हंजे काईच न्हाय. नीट सांगा. लिहिणार म्हंजे किती? एका टायमाला किती खिडक्या उघडून बसता? फोटो हायत? व्हिडिओ? पाच वर्सांनी काय करणार?"

पाच वर्षांनी मी काय करणार हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. "ते आत्ता कसं सांगणार?" मी म्हणाले. सर म्हणाले, "मग बोर्ड कसा निवडायचा? बोर्ड म्हंजे प्लॉट. घर पाडून परत बांधता येतंय, माळा चढवता येतोय, पर प्लॉट वाढवता येत न्हाय. लोक उलटं करत्यात. आधी झगमगीत घर बघत्यात आणि मग उरलेल्या जागंत कोंबत्यात."

मग रॅमचा प्रश्न आला. रॅम म्हणजे मेमरी, संगणक काम करताना ज्यावर सगळं मांडून ठेवतो ती बोटभर लांबीची पट्टी. सरांचं म्हणणं, पट्टी एकटी घ्यायची नाही, जोडीने घ्यायची, आणि तीही एका पाकिटातली. "दोन बाजारातनं आणलेली बैलं एका औताला जुपली तर चालत्यात की. पर सरी वाकडी जातीया." माझ्यासाठी दोन स्लॉटचा, म्हणजे दोन पट्ट्या बसतील असा बोर्ड घ्यावा की चारचा, यावर ते स्वतःशीच भांडत. जयसिंगपूरहून निघताना दोन पुरेत म्हणायचे आणि हातकणंगले आलं की चारवर यायचे. शेवटी एके दिवशी बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोनचाच घ्या. तुमी मराठीच्या. तुमची अक्षरं काय जड न्हाईत."

आमच्या ह्यांना डब्यात रंगीत दिवे लागणारा संगणक हवा होता. त्यांनी भीतभीत विचारलं. सरांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "लायटिंग पायजे असंल तर गणपतीत मांडवाला जावा की. आमी पण येतो." आमचा संगणक काळा, साधा आणि अजिबात न चमकणारा झाला. तो आजही चालू आहे.

पण या माणसाचं सगळंच गोड होतं असं नाही. ते फटकळ होते आणि समोरच्याला शहाणा व्हायची संधी देत नसत. आमच्या उपप्राचार्यांनी एकदा स्वतःच ऑनलाइन रॅम मागवली. बोर्ड जुन्या पिढीचा, रॅम नव्या पिढीची. पट्टीच्या मधली खाच जुळेना. त्यांनी सरांना बोलावलं तर सर सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, "खाच कशाला ठेवलीया? तुमच्यासारख्यांनी ढकलू ने म्हणून." उपप्राचार्य वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की आपण जोडलेला संगणक चुकू शकतो, हे सरांना मान्यच नव्हतं. कुणी तक्रार घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला असे: "तू काय केलास?"

दीपालीची गोष्ट त्यातूनच घडली.

दीपाली आमची दोघांची विद्यार्थिनी. हातकणंगल्याची. वडील लहानपणीच गेले, आई म्हशी सांभाळून डेअरीला दूध घालते. मुलगी अबोल, पण बघण्यात तेज. बारावीपर्यंत सायन्सला होती, मग बी.ए. केलं आणि कोल्हापुरात एका लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओत लागली. कॅमेऱ्यातली कार्डं संगणकात उतरवून घ्यायची, त्यातून फिल्म कापून जोडायची, हे तिचं काम. स्टुडिओचे मालक बापू. बापू आणि सर लहानपणी एकाच तालमीत घुमलेले, तेव्हा स्टुडिओचा संगणकही अर्थात सरांनीच जोडलेला.

एका लग्नसराईनंतर दीपालीची आई माझ्या घरी आली. दुधाची किटली दारात ठेवून तिथेच बसली. म्हणाली, "बाई, पोरीला कामावरनं काढलंय. आणि दुसरं कोणबी ठेवून घेईना."

झालं होतं असं. कोडोलीच्या एका घरचं लग्न बापूंच्या स्टुडिओने केलं होतं. कार्डं दीपालीने संगणकात उतरवली, आणि रिवाजाप्रमाणे ती दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी पुसून परत कॅमेऱ्यात गेली. नंतर फिल्म कापायला घेतली तर निम्म्याहून जास्त व्हिडिओ खराब. काही उघडेनात, काहींमध्ये चित्राच्या जागी हिरव्या चौकटी. एवढ्यावर कदाचित भागलं असतं, पण लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरीचे वडील हृदयविकाराने गेले. त्या घराला आता ते लग्न बघायचं नव्हतं, त्या लग्नातला तो माणूस बघायचा होता. नातेवाईक स्टुडिओत येऊन आरडाओरडा करून गेले. बापूंनी सांगून टाकलं की पोरीनं सगळं उतरायच्या आधीच घाईत कार्ड उपसलं. धंद्यातल्या चारजणांना फोनही केले. त्या दिवसापासून ती कार्ड उपसणारी पोरगी झाली.

"ती काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हंती, म्या न्हाय उपसलं. पर पोरीचं ऐकून कोण घेणार?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी सरांना हे सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. बापूंनी तेव्हाच त्यांना फोन केला होता.

"मशिन मी जोडलंय मॅडम," ते म्हणाले. "त्यात काय हुतंय? पोरगीनंच उपसलं असणार. पोरं घाई करत्यात."

"तुम्ही तपासलंत?"

"त्यात तपासायचं काय?"

"वर्गात मुलांना काय सांगता? मोजल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून?"

हातकणंगले आलं, गेलं, स्लॉटचं काही निघालं नाही. कोल्हापूर स्टँडवर उतरल्यावर ते थोडं अंतर चालून गेले आणि परत आले. "रविवारी बापूच्यात या. तिलाबी आणा."

दीपाली यायला तयार नव्हती. आली ती आईच्या शब्दाखातर, आणि स्टुडिओच्या जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभी राहिली. आत सर, बापू आणि मी. सरांनी पेन ड्राइव्ह लावला आणि मेमरी तपासायचा प्रोग्रॅम सुरू केला. तो सावकाश चालतो, रॅमच्या प्रत्येक कणात काहीतरी लिहायचं आणि परत वाचून बघायचं. लिहिलेलं आणि वाचलेलं जुळलं नाही की पडद्यावर लाल ओळ येते. बापूंनी चहा मागवला. बापू उसाच्या दराविषयी बोलत होते, सर पडद्याकडे बघत होते. कप अर्धा झाला असेल, आणि पडद्यावर एक लाल ओळ आली. मग दुसरी. मग पडदा लाल ओळींनी भरून वर सरकायला लागला.

सरांनी चहा खाली ठेवला. संगणक बंद करून डबा उघडला. बोर्डावर चार स्लॉट, त्यांतल्या तिनांत पट्ट्या. दोन एकसारख्या, तिसरी वेगळी. त्यांनी तिन्ही काढल्या आणि एकेक लावून तपासायला घेतल्या. दुपारचं जेवण आलं, झाकून ठेवलं गेलं. पहिली पट्टी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरी लावली, आणि लाल.

ती पट्टी सरांनी हातात उलटीपालटी करून बघितली. मग त्यांनी विचारलं, "बापू, ही कुणी घातली?"

"कुणी म्हंजे? तूच की मास्तर," बापू म्हणाले. "लग्नसराईत मशिन रखडाय लागलं, तवा मी तुझ्या मागं लागलतो. दुकानात जोडी मिळंना. मग तूच घरनं जुन्या सामानाच्या डब्यातली आणून घातलास. म्हणालास, हंगाम काढू, मग बदलू."

सरांना आठवलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मित्राची निकड, परीक्षेचे दिवस, सुरू झालं ना, बास. कार्डावरून उतरताना व्हिडिओ त्या खराब पट्टीतून जात होते आणि जाता जाता नासत होते. दीपालीने काहीही केलं असतं तरी ते नासलेच असते.

बापू हुशार माणूस. त्यांच्याही लक्षात आलं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "जाऊ दे मास्तर. नवी घालूया. कोडोलीची माणसं आता कुठं शांत झाल्यात. उगं कशाला उकरायचं? पोरीला मी परत घेतो की कामावर. झालं."

खरं सांगायचं तर त्या खोलीत त्या लाल ओळींचा अर्थ सांगू शकणारा माणूस एकच होता. त्याने पट्टी खिशात टाकून दुसरंच काही सांगितलं असतं तर ते मला खरं वाटलं असतं.

"कामावर घेशील," सर म्हणाले. "आणि गावभर फोन केलास ते कसं माघारी घेणार?" मग जिन्याकडे बघून हाक मारली, "दीपाली, आत ये."

ती आत आली.

"तुझी चूक न्हवती. मशिनमधी ही खराब रॅम हुती, आणि ती मी घातलेली. न तपासता."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने त्या पट्टीकडे बघितलं, मग सरांकडे. "सर, त्या दिवशी बापूंनी तुम्हाला फोन केला तेव्हा मी इथंच उभी होते. फोन स्पीकरवर होता. तुम्ही म्हणालात, पोरगीचंच काम असणार. न बघता कसं म्हणालात?"

सरांनी पट्टी टेबलावर ठेवली. "तेबी चुकलं," ते म्हणाले. त्याच्यापुढे त्यांनी काही जोडलं नाही.

मग त्यांनी बापूंच्या खुर्चीत बसून बापूंच्याच फोनवरून त्या चारही जणांना फोन लावले. "मी फिजिक्सचा मास्तर बोलतोय, बापूचं मशिन जोडणारा," अशी सुरुवात करून प्रत्येकाला तेच सांगितलं, तेवढ्याच मोठ्या आवाजात. बापू खिडकीबाहेर बघत राहिले.

कोडोलीला ते माझ्याबरोबर आणि दीपालीबरोबर गेले. ओसरीवर नवरीचे काका होते. सरांनी चूक सांगितल्यावर काकांनी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर मान खाली घालून ऐकत होते. एवढ्यात नवरीची आई बाहेर आली. थोराड बांध्याची बाई, कपाळ मोकळं. दिराला म्हणाली, "भाऊजी, भांडून काय मिळणार हाय?" आणि सरांना म्हणाली, "त्येंचं काय ऱ्हायलं असंल तर तेवढं बघा."

तेवढं बघायला पावसाळा निम्मा गेला. दीपालीने बापूंच्या स्टुडिओत पाय ठेवायला नकार दिला, म्हणून नासके व्हिडिओ सरांच्या घरी आणले. दिवाणखान्यातल्या टेबलावर दोघं शेजारी शेजारी बसायची. फुटलेले व्हिडिओ जोडायचा प्रोग्रॅम सरांनी शोधून काढला, पण कुठला तुकडा कुठल्याच्या पुढचा हे दीपालीलाच कळायचं. लग्न तिने एकदा उतरवताना डोळ्यांखालून घातलं होतं. सर मधे मधे शिकवायला जायचे. ती म्हणायची, "सर, थांबा," आणि ते थांबायचे. वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, "मॅडम, तीस वर्सांत ह्येंना कोण थांबा म्हणल्यालं आणि हे थांबल्यालं मी बघितलं न्हवतं."

सगळं वाचलं नाही. अक्षता पडतानाचं गेलं, कन्यादान गेलं. नवरीच्या वडिलांचे फेटा बांधलेले ठेवणीतले प्रसंग होते, ते बहुतेक हिरव्या चौकटींत बुडाले. पण पंगतीच्या मांडवात कुणीतरी कॅमेरा चालूच ठेवला होता, तो तुकडा दीपालीला सापडला. तो घेऊन आम्ही पुन्हा कोडोलीला गेलो.

पडद्यावर अर्धा चेहरा चौकटींनी खाल्लेला, पण आवाज खणखणीत. नवरीचे वडील वाढप्यांवर ओरडत होते: "अरं, पंगत बसलीया, आमटी कुठं अडलीया? पावणं काय नुसतं पत्रावळी बघाय आल्यात?" आणि मग एकदम कॅमेऱ्याकडे वळून, "आणि तू रं, माझं थोबाड काय काढाय लागलाईस? नवरीकडं जा की!"

मग नवरीची आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे गदगदून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. "असंच वराडायचं बघा," ती म्हणाली. "जल्मभर असंच. परत लावा." मघाशी दारात उभे असलेले काका आत येऊन जमिनीवर बसले. दीपालीने तो तुकडा परत लावला. मग परत. सर भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

पुढे कॉलेजात बातमी पसरायची ती पसरलीच. उपप्राचार्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "काय, बोर्डवाले बोर्डात नापास झाले म्हणे?" सर म्हणाले, "व्हय. एका विषयात." आणि अकरावीच्या वर्गात मोजमापातल्या चुकांचा धडा आला तेव्हा ती रॅम त्यांनी मुलांच्या हातात फिरवली आणि सगळी हकिगत स्वतःच सांगितली, दीपालीचं नाव न घेता आणि स्वतःचं घेऊन.

दीपालीने हातकणंगल्यात घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. संगणक घ्यायला आम्ही तिघं कोल्हापुरातल्या दुकानात गेलो. सरांनी सगळ्यात मोठा बोर्ड काउंटरवर ठेवायला लावला. दीपालीने तो उलटसुलट करून बघितला आणि बाजूला सारला.

"हा नको सर. ह्यातलं निम्मं मी वापरणार नाही. तो मधला द्या. स्लॉट चार आहेत, डिस्कला जागा आहे, बास. रॅम आत्ता दोन घेते, एका पाकिटातल्या. काम वाढलं तर तशीच अजून जोडी घेईन."

"पुढं तशीच जोडी मिळंल कशावरनं?"

"नाही मिळाली तर चारही बदलीन. एखादी उचलून घालणार नाही."

दुकानदार सरांकडे बघत होता. सरांनी मधला बोर्ड तिच्याकडे सरकवला.

जोडणी तिच्या घरी झाली. हात तिचे होते, सर नुसते स्टुलावर बसून होते, आणि बोलायचं नाही म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले होते. मागच्या गोठ्यात म्हैस हंबरत होती. मशीन एका झटक्यात सुरू झालं. तरी तिने लगेच काम लावलं नाही. तपासणीचा प्रोग्रॅम लावला आणि आम्हाला जेवायला बसवलं. जेवणं होऊन हात धुऊन झाले तरी पडदा स्वच्छ होता.

निघताना सर दारात थांबले. "दीपाली, एक ध्यानात ठेव. हे कधी बिघडलं तर पैला संशय माझ्यावर घ्यायचा. मग मशिनवर. सोतावर सगळ्यात शेवटी."

"तेच करणार आहे की सर," ती म्हणाली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.